ई-मेल पत्रपेटीचे मापन : वैद्य व औषधनिर्माते यांच्यासाठी एक व्यवहारोपयोगी अभ्यास

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी पौषातील भगवतीमातेच्या यात्रेचे दिवस होते. कोल्हारात गर्दी होती आणि आमच्या दवाखान्यातही. त्या धावपळीत एका वनौषधी पुरवठादाराचे ई-पत्र आले. आधीच्या महिन्यात पाठविलेल्या अशोकसालीच्या एका लॉटमध्ये आसुपालवाची साल मिसळली गेल्याचा संशय असून तो माल वापरू नये, परत पाठवावा, एवढाच मजकूर होता. पुरवठादाराने आपले कर्तव्य तत्परतेने केले होते. ते पत्र आम्ही नवव्या दिवशी वाचले.

मधल्या काळात त्याच सालीची भरड रक्तप्रदराच्या काही रुग्णांना क्वाथासाठी दिली गेली होती. एका भगिनीचा स्राव थांबत नव्हता. आम्ही मात्रा वाढविली, पथ्य अधिक कडक केले. परंतु द्रव्याविषयी शंका घेतली नाही. पत्र वाचल्यावर एकेका रुग्णास दूरध्वनी करून पुड्या परत मागविल्या. त्या भगिनी म्हणाल्या, "डॉक्टर, गुण येईना म्हणून मी माझ्याच पथ्याला दोष देत होते." या वाक्याने आम्हांस जे शिकविले ते कोणत्याही कार्यशाळेने शिकविले नसते.

विशेष हे की, ई-मेल आम्ही रोज पाहत होतो. आपण पत्रव्यवहारात तत्पर आहोत असाच आमचा समज होता. हा समज तपासून पाहण्याचे कोणतेही साधन आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेखात असे साधन मांडण्याचा प्रयत्न केला आहे. आपली ई-मेल पत्रपेटी आपण किती चांगल्या प्रकारे सांभाळतो हे कसे मोजावे, त्या मापांचा अर्थ कसा लावावा आणि त्यावर उपाय कोणते, असा विवेचनाचा क्रम आहे.

विषयाची आवश्यकता

संगणकाच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्राकडे पत्र पाठविण्याची पद्धत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत सिद्ध केली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पुढच्याच वर्षी सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांच्या हॉटमेलमुळे विनामूल्य ई-मेल पत्ता कोणासही मिळू लागला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संगणकाचे जाळे नेण्याचा वारणानगर परिसरातील प्रयोग १९९८ चा. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले व एक गिगाबाइट साठवण देऊ लागले. तेव्हापासून 'पत्र काढून टाकण्याची गरजच नाही' ही सवय लागली आणि पत्रपेटी साठत गेली.

आरंभी ई-मेल ही सोय होती. आज ती कायदेशीर दायित्वाची जागा झाली आहे. पुढील बाबी प्रत्येक व्यावसायिकाने लक्षात घ्याव्यात.

(१) माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, उभयपक्षी वेगळे ठरले नसेल तर, आपण नेमून दिलेल्या पत्त्याच्या संगणकप्रणालीत पत्र शिरले की ते मिळाले असे मानले जाते. आपण ते उघडले की नाही हा प्रश्न तेथे येत नाही.

(२) वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६९ नुसार नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठविलेली नोटीस ही बजावणीची मान्य रीत आहे. नोंदणी रद्द का करू नये अशी नोटीस आल्यास उत्तरासाठी केवळ सात कामाचे दिवस मिळतात.

(३) आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या परवान्यांसाठी ई-औषधी हे संकेतस्थळ १३ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. परवान्याचे कामकाजही त्यामुळे संगणकाकडे वळले आहे.

(४) औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची 'टी' नुसार निर्मात्याने बाजारातील तक्रारींची नोंदवही ठेवावयाची असते व सहा महिन्यांतून एकदा ती नोंद परवाना अधिकाऱ्यास सादर करावयाची असते. औषधाच्या दुष्परिणामांची नोंदवही स्वतंत्र. तक्रार पोस्टकार्डाने आली काय आणि ई-मेलने आली काय, ती नोंदवहीत चढलीच पाहिजे. केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणारे व बाजारात न विकणारे वैद्य या अनुसूचीच्या कक्षेबाहेर आहेत. परंतु आमच्या अनुभवावरून सांगतो, रुग्णाविषयीच्या उत्तरदायित्वातून त्यांना सूट नाही.

(५) एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्यावसायिकांसाठी दूरस्थ चिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यानंतर परगावचे व परदेशातील रुग्ण लेखी विचारणा करू लागले. अशा विचारणेची व दिलेल्या सल्ल्याची नोंद जपणे हा चिकित्सेचाच भाग होय.

मापनापूर्वीचा विचार

मोजमाप हा आपल्या शास्त्राला नवा विषय नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात दशविध परीक्षा सांगितली आहे. त्यांतील आहारशक्तीची परीक्षा दोन अंगांनी करावयाची असते : अभ्यवहरणशक्ती, म्हणजे किती ग्रहण करतो, आणि जरणशक्ती, म्हणजे किती पचवितो. केवळ ताटात किती वाढले आहे यावरून अग्नीचे अनुमान करणारा वैद्य चुकतो. पत्रपेटीचेही तसेच आहे. त्यात किती पत्रे दिसतात हे ताटातील अन्न झाले. किती येतात आणि किती निकाली निघतात या दोहोंची तुलना ही खरी परीक्षा.

म्हणून प्रथम, काय मोजू नये ते पाहू.

न वाचलेल्या पत्रांचा आकडा हे सर्वांत दिशाभूल करणारे माप आहे. हजारो न वाचलेल्या जाहिराती असूनही एखाद्याचे एकही आवश्यक काम अडलेले नसते. उलट, सर्व पत्रे 'वाचलेली' असूनही एकाचेही उत्तर गेलेले नसते. वाचणे आणि निकाली काढणे या भिन्न क्रिया आहेत.

'रिकामी पत्रपेटी' हेही स्वतंत्रपणे माप होऊ शकत नाही. अमेरिकेतील लेखक मर्लिन मान यांनी २००७ मधील एका व्याख्यानाने ही कल्पना लोकप्रिय केली. परंतु त्यांच्या शून्याचा रोख पत्रांच्या संख्येवर नव्हता. पत्रपेटीत अडकून पडणाऱ्या आपल्या मनाकडे होता. लोकांनी मात्र शब्दशः शून्याचा ध्यास घेतला. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार येथे लागू पडतो : एखादे माप हेच उद्दिष्ट झाले की त्याची माप म्हणून असलेली विश्वसनीयता जाते. शून्य गाठण्यासाठी न वाचताच पत्रे पुसून टाकणारा मनुष्य आकड्यात उत्तीर्ण होतो व व्यवहारात अनुत्तीर्ण.

कप्प्यांची संख्या हेही गुणवत्तेचे लक्षण नव्हे. स्टीव्ह व्हिटाकर व कँडेस सिडनर यांनी १९९६ मध्ये वीस कार्यालयीन व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन प्रकार आढळले : कप्प्यांत काहीच न लावणारे, नित्य लावणारे, आणि अधूनमधून एकदम साफसफाई करणारे. पत्रपेटी ही केवळ पत्रे येण्याची जागा न राहता कामांची यादी व दप्तरखाना अशी तिहेरी भूमिका करते, हे त्यांचे महत्त्वाचे निरीक्षण होते. पुढे २०११ मध्ये व्हिटाकर व सहकाऱ्यांनी ३४५ व्यक्तींचा अभ्यास केला. तेव्हा असे दिसले की, परिश्रमपूर्वक कप्पे करणाऱ्यांना जुने पत्र सापडण्यात अधिक यश येत नाही. शब्द टाकून शोध घेणारे तितकेच यशस्वी व अधिक जलद असतात.

मापनाची पूर्वतयारी

पहिली पायरी पत्त्यांच्या पडताळणीची. वस्तू व सेवा कर, आयकर, औषध परवाना, वैद्यक परिषदेची नोंदणी, बँक आणि प्रमुख पुरवठादार यांच्याकडे आपला कोणता ई-मेल पत्ता नोंदला आहे, हे एका कागदावर लिहून काढावे. अनेक औषधनिर्मात्यांच्या नोंदणीत कर सल्लागाराचा किंवा पूर्वी कामावर असलेल्या संगणकचालकाचा पत्ता असतो. अशा वेळी आपली पत्रपेटी कितीही नेटकी असली तरी नोटीस भलतीकडेच पोचते. ही पडताळणी झाल्याखेरीज पुढील कोणतेही माप घेऊ नये.

दुसरी पायरी वर्गीकरणाची. आम्ही पत्रांचे चार वर्ग करतो.

अ वर्ग : रुग्णाच्या प्रकृतीशी किंवा औषधाच्या निर्दोषत्वाशी संबंधित पत्रे. दुष्परिणामाची तक्रार, कच्च्या मालाविषयी इशारा, तपासणी प्रयोगशाळेचा प्रतिकूल अहवाल.

ब वर्ग : कायदेशीर मुदत असलेली पत्रे. कर, परवाना, परिषद, न्यायालय.

क वर्ग : नित्य व्यवहार. मागणी, देयक, पाठवणी, सभेचे निमंत्रण, रुग्णाची साधी विचारणा.

ड वर्ग : ज्यावर काहीही करावयाचे नाही अशी पत्रे. जाहिराती, शुभेच्छा, परिपत्रकांच्या प्रती.

पहिल्या तीन वर्गांतील पत्रांस आम्ही 'कृतियोग्य' म्हणतो. ज्या पत्रासाठी उत्तर, रक्कम, नोंद, औषधातील बदल किंवा कोणाशी बोलणे यांपैकी काहीतरी करणे आवश्यक आहे ते कृतियोग्य. ते काम प्रत्यक्ष घडले म्हणजे पत्र 'निकाली'. वाचले, तारांकित केले, मुद्रित करून टाचणीला लावले, म्हणजे निकाली नव्हे. ही व्याख्या काटेकोरपणे पाळली नाही तर पुढील सर्व आकडे निरर्थक होतात.

तिसरी पायरी कालखंडाची. एका दिवसाचे माप उपयोगाचे नाही. सलग चार आठवडे साध्या वहीत नोंद ठेवावी. संगणकीय तक्ता येत असल्यास उत्तम. न येत असल्यास दवाखान्याची जुनी दैनंदिनी पुरते.

सहा मापे

पहिले माप : आवक. दररोज किती कृतियोग्य पत्रे आली याची सरासरी. ड वर्ग वेगळा मोजावा. ड वर्गाचे प्रमाण फार मोठे असेल तर अ वर्गातील पत्र त्याखाली दडपण्याचा धोका आहे, हे निदानास पुरेसे आहे.

दुसरे माप : जरण. चार आठवड्यांत निकाली निघालेल्या कृतियोग्य पत्रांस आलेल्या कृतियोग्य पत्रांनी भागून शंभराने गुणावे. शंभर किंवा अधिक असेल तर साठा वाढत नाही. सातत्याने शंभराच्या खाली असेल तर आज त्रास जाणवत नसला तरी संचय चालू आहे असे समजावे. दोषांचा संचय, प्रकोप, प्रसर हा क्रम वैद्यांस वेगळा सांगावयास नको.

तिसरे माप : प्रलंबित संख्या व तिच्यावरून काळाचे अनुमान. दर शनिवारी काम संपताना किती कृतियोग्य पत्रे शिल्लक आहेत ते मोजावे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा एक नियम येथे उपयोगी पडतो : स्थिर व्यवस्थेत सरासरी शिल्लक म्हणजे सरासरी आवक गुणिले प्रत्येकास लागणारा सरासरी काळ. अर्थात शिल्लक भागिले रोजची आवक केली की एका पत्राचा निकाल लागण्यास सरासरी किती दिवस लागतात ते कळते. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रुग्णांसही हाच नियम लागू आहे. तासाला सहा रुग्ण येत असतील आणि बाकावर नेहमी बारा बसलेले असतील, तर प्रत्येकास सरासरी दोन तास थांबावे लागते.

चौथे माप : उत्तराच्या काळाचा मध्यक. येथे सरासरी घेऊ नये. समजा सात पत्रांना अनुक्रमे १, १, २, २, ३, ४ व ३६ तासांनी उत्तर गेले. सरासरी सात तास येते; परंतु सातांपैकी सहा जणांना चार तासांच्या आत उत्तर मिळाले आहे. चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घेतला तर दोन तास येतो. तो नेहमीच्या अनुभवाचे खरे चित्र देतो.

पाचवे माप : सर्वांत जुन्या प्रलंबित पत्राचे वय. हे माप मध्यकाचा डोळस साथीदार आहे. मध्यक नेहमीची स्थिती सांगतो. सर्वांत जुने पत्र अपवाद सांगते, आणि हानी बहुधा अपवादातूनच होते. अ, ब व क वर्गांसाठी हे माप स्वतंत्रपणे घ्यावे. आमच्या प्रसंगात मध्यक काढला असता तर तो उत्तमच आला असता. अ वर्गातील नऊ दिवसांचे एक पत्र त्या उत्तम आकड्यामागे लपून राहिले असते. ब वर्गात याच्या जोडीस मुदत पाळण्याचे प्रमाणही लिहावे : मुदतीची पत्रे किती, व मुदतीत निकाली किती.

सहावे माप : शोधपरीक्षा. आपल्या सहकाऱ्याने आपल्याला दहा जुन्या गोष्टी विचाराव्यात. गतवर्षीच्या एखाद्या बॅचचा विश्लेषण अहवाल, गुग्गुळाचे शेवटचे दरपत्रक, एखाद्या रुग्णास पाठविलेली पथ्ययादी, परवाना शुल्काची पावती, असे. प्रत्येक गोष्टीस दोन मिनिटे द्यावीत. दहांपैकी किती सापडल्या तो गुण. पत्रपेटी हा आपला दप्तरखाना असेल तर त्याची खरी कसोटी हीच.

या सहा मापांच्या जोडीने महिन्यातून एकदा नको असलेल्या पत्रांचा कप्पा उघडून पाहावा. जीमेलमध्ये तेथील पत्रे तीस दिवसांनी आपोआप नष्ट होतात. त्यात कृतियोग्य पत्र किती सापडली तेही लिहावे. हा आकडा शून्य नसेल तर त्या पाठविणाऱ्यांचे पत्ते आपल्या पत्तावहीत नोंदवावेत.

एक उदाहरण

आकडेमोड स्पष्ट व्हावी म्हणून एका काल्पनिक औषधनिर्माणशाळेचे उदाहरण घेऊ. चार आठवडे, म्हणजे चोवीस कामाचे दिवस. आरंभी शिल्लक १२ पत्रे. आलेली कृतियोग्य पत्रे १४४, म्हणजे रोज सहा. निकाली निघालेली १३६. शेवटी शिल्लक २०. चार शनिवारांची शिल्लक १५, १८, १९ व २०, सरासरी १८.

जरणाचे प्रमाण १३६ भागिले १४४, म्हणजे सुमारे ९४ टक्के. निकालाचा सरासरी काळ १८ भागिले ६, म्हणजे सुमारे तीन दिवस. शिल्लक वाढत असल्याने हे अनुमान ढोबळ मानावे. उत्तराचा मध्यक ५ तास. सर्वांत जुने पत्र १७ दिवसांचे. मुदतीची पत्रे नऊ, त्यांपैकी आठ वेळेत. शोधपरीक्षेत दहांपैकी सहा.

वरवर पाहता ९४ टक्के हे प्रथम श्रेणीचे गुण वाटतात. परंतु चार आठवड्यांत आठ पत्रांची भर पडली. याच गतीने वर्षात अशा तेरा कालखंडांत १०४ पत्रांची भर पडेल. मध्यक पाच तासांचा व सर्वांत जुने पत्र सतरा दिवसांचे, याचा अर्थ सोपी पत्रे तत्परतेने व कठीण पत्रे टाळून, अशी प्रवृत्ती आहे. मुदत चुकलेले पत्र एकच. पण ते कोणते, हा प्रश्न टक्केवारीने सुटत नाही. नऊपैकी एक चूक देयकाची असेल तर व्याज पडेल; नोंदणी रद्द होण्याच्या नोटिशीची असेल तर व्यवसाय थांबेल. म्हणून अ व ब वर्गांत टक्केवारी न लावता प्रत्येक चुकीचे स्वतंत्र कारण लिहावे.

निदानानुसार उपाय

आवक अधिक व जरण पुरेसे असल्यास : येथे निदानपरिवर्जन हीच चिकित्सा. जाहिरातींची वर्गणी रद्द करावी. व्यवसायाचा पत्ता व वैयक्तिक खरेदीचा पत्ता वेगळे ठेवावेत. परिपत्रके आपोआप वेगळ्या कप्प्यात जातील असा नियम लावावा.

आवक मध्यम व जरण मंद असल्यास : पत्रे पाहण्याचे काळ निश्चित करावेत. कोस्तादिन कुश्लेव्ह व एलिझाबेथ डन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२४ व्यक्तींना एक आठवडा दिवसातून केवळ तीन वेळा ई-मेल पाहण्यास व एक आठवडा हवे तितक्या वेळा पाहण्यास सांगितले होते. तीन वेळांच्या आठवड्यात त्यांचा मानसिक ताण कमी आढळला. औषधसेवनाचे काळ सांगणाऱ्या वैद्याने सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी, दुपारी व सायंकाळी असे तीन काळ स्वतःसाठीही ठरवावेत. त्या वेळी पत्र केवळ चाळू नये. वर्ग लावून, शक्य ते तेथेच निकाली काढावे.

मध्यक उत्तम पण सर्वांत जुने पत्र फार जुने असल्यास : दर शनिवारी सर्वांत जुन्या तीन पत्रांपासून कामास प्रारंभ करावा. कठीण पत्रास पूर्ण उत्तर देता येत नसेल तर 'आपले पत्र मिळाले, अमुक दिवसापर्यंत कळवितो' असे तरी लिहावे आणि तो दिवस दैनंदिनीत मांडावा.

मुदत चुकत असल्यास : मुदत पत्रपेटीत ठेवू नये. पत्र वाचताक्षणी ती भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावी. कालनिर्णयाच्या चौकटीत लिहिलेली तारीख घरातील चार माणसे पाहतात; पत्रपेटीतील तारीख कोणीच पाहत नाही.

शोधपरीक्षेत गुण कमी असल्यास : शेकडो कप्पे करू नयेत. पत्राच्या विषयओळीत द्रव्याचे नाव, बॅच क्रमांक व वर्ष हे तीन शब्द नेहमी घालावेत आणि पुरवठादारासही तशी विनंती करावी. पुढे शोध घेणे सुलभ होते.

अ वर्गातील कोणतेही पत्र एका दिवसाहून जुने आढळल्यास : हा आत्ययिक प्रसंग समजावा. प्रमुख पुरवठादार व प्रयोगशाळा यांना लेखी कळवावे की, औषधाच्या निर्दोषत्वाविषयीचा इशारा ई-मेलबरोबर दूरध्वनीनेही द्यावा. रुग्णांसाठी दवाखान्यात फलक लावावा : तातडीच्या तक्रारीसाठी ई-मेल करू नये, दूरध्वनी करावा. दवाखाना किंवा निर्माणशाळा काही दिवस बंद असेल, अथवा यात्रा, लग्नसराई अशी गर्दी अपेक्षित असेल, तर त्या काळात पत्रपेटी कोण पाहील हे आधी ठरवावे.

आणखी तीन सूचना

जीमेलची विनामूल्य साठवण पंधरा गिगाबाइट आहे व जून २०२१ पासून भ्रमणध्वनीवरून चढविलेली छायाचित्रेही त्यात मोजली जातात. साठवण भरली की नवी पत्रे स्वीकारली जात नाहीत. म्हणजे नातवंडांच्या छायाचित्रांमुळे परवान्याचे पत्र परत जाऊ शकते. तसेच दोन वर्षे न वापरलेले खाते बंद करण्याचे गूगलचे धोरण आहे. व्यवसायाचे खाते वेगळे व नित्य वापरातले असावे.

दुसरे, पुरावा म्हणून लागणारी पत्रे केवळ मुद्रित करून मूळ पुसू नयेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. मूळ पत्र जागेवर असेल तर ते देणे सुकर होते.

तिसरे, आज बहुसंख्य रुग्ण व्हॉट्सॲपवरच लिहितात. तेथे विषयओळ नसते आणि औषधाची तक्रार, शुभ सकाळ व विवाहपत्रिका एकाच रांगेत येतात. वरील सहाही मापे तेथे तशीच लावता येतात. अ व ब वर्गातील संदेश मात्र त्याच दिवशी नोंदवहीत उतरवावा.

उपसंहार

या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. पत्रास उत्तर लवकर गेले यावरून ते योग्य होते असे सिद्ध होत नाही. घाईने दिलेले चुकीचे उत्तर मापात उत्तीर्ण होईल व रुग्णास अपाय करील. वर्ग ठरविण्यात व्यक्तीगणिक फरक पडेल. म्हणून या आकड्यांची तुलना शेजारच्या वैद्याशी करू नये. आपल्याच मागील महिन्याशी करावी. सर्व मापे नित्य घेणेही आवश्यक नाही. वर्षातून दोनदा चार आठवड्यांचे पूर्ण मापन आणि दर शनिवारी केवळ दोन आकडे, प्रलंबित संख्या व सर्वांत जुन्या पत्राचे वय, इतके पुरेसे आहे. त्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

आमच्या दवाखान्यात आता शनिवारी सायंकाळी हे दोन आकडे दैनंदिनीत लिहिले जातात. त्याखाली अ वर्गासाठी एक स्वतंत्र रकाना आहे, आणि त्यात शून्याखेरीज काही असेल तर ते शून्य झाल्याशिवाय दवाखाना बंद होत नाही. त्या भगिनींना पुढे शुद्ध सालीच्या क्वाथाने उपशय मिळाला. परंतु मधल्या नऊ दिवसांचा हिशेब आम्हीच देणे लागतो, याची आठवण तो रकाना दर आठवड्यास करून देतो. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधनिर्मात्यांनी येत्या सोमवारपासून चार आठवडे ही नोंद ठेवून पाहावी, अशी आमची नम्र विनंती आहे.